दोन लॅब, दोन निकाल: द्राक्षातलं औषध एलसी-एमएसएमएसला कसं दिसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. निर्यातीच्या एकाच प्लॉटचे द्राक्षनमुने दोन लॅबमध्ये दिले. पहिल्या अहवालात शेकडो औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे ‘बीएलक्यू’, म्हणजे मोजून छापता येईल त्या पातळीच्या खाली. दुसऱ्यात बाकी सगळं तसंच, पण क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकापुढे ०.०१४ मिलिग्रॅम प्रति किलो. मशीन दोन्हीकडे एलसी-एमएसएमएस, म्हणजे रेणू आधी नळीतून वेगळे करून मग वजनावरून ओळखणारं. बागायतदार म्हणतात, या हंगामात क्लोरपायरीफॉसची फवारणी केलेलीच नाही. मग चुकलं कोण? आणि इतकं बारीक पाहणाऱ्या मशीनच्या नजरेतून एखादं औषध सुटू शकतं का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते सोपं आहे: हो, सुटू शकतं, आणि सुटलेलं आहे. २०१० साली अख्ख्या महाराष्ट्राच्या द्राक्ष निर्यातीने त्याची किंमत मोजली. त्याकडे येतो. पहिल्या प्रश्नात मात्र बहुतेक कोणीच चुकलेलं नाही.

आपण कुठल्या पातळीवर बोलतोय ते आधी आकड्यात बघा. ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे एका किलो द्राक्षात १० मायक्रोग्रॅम. लॅबमध्ये वाटलेल्या द्राक्षाचा दहा ग्रॅम लगदा घेतात, म्हणजे त्यात औषध १०० नॅनोग्रॅम. ते दहा मिलिलिटर द्रावकात उतरवलं की दर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम. त्यातले पाच मायक्रोलिटर मशीनमध्ये जातात. म्हणजे मशीनपुढे येतं ते ५० पिकोग्रॅम, एका ग्रॅमच्या दोन हजार कोटी भागांपैकी एक भाग. एवढ्याशा मालावरून मशीनला ‘हे क्लोरपायरीफॉसच आहे’ आणि ‘ते इतकंच आहे’ अशी दोन विधानं करायची असतात. पहिलं ओळखीचं, दुसरं मोजमापाचं. भांडणं बहुतेक दुसऱ्यावर होतात. खरे धोके पहिल्यात आणि त्याच्याही आधीच्या कामात असतात.

आधीचं काम म्हणजे नमुना. फवाऱ्याच्या बाजूचा घड आणि कॅनॉपीच्या, म्हणजे पानांच्या पसाऱ्याच्या, आत दडलेला घड यांच्यावर बसलेल्या औषधात मोठा फरक असतो. एकाच वेलावर असतो, मग प्लॉटभर असणारच. क्लोरपायरीफॉस तेलकट स्वभावाचं आहे, ते मण्याच्या सालीवरच्या मेणात जाऊन बसतं, गरात फार उतरत नाही. त्यामुळे नमुना वाटताना साल नीट बारीक झाली नाही, तर एकाच डब्यातून काढलेल्या दोन चमच्यांत वेगळा आकडा येऊ शकतो. चांगल्या लॅबमध्ये देठ काढून सगळा नमुना एकत्र वाटतात, शक्यतो ड्राय आइस घालून, म्हणजे लगदा गरम होत नाही आणि सालीचे तुकडे उरत नाहीत. नमुना धूत नाहीत, हेही सांगून ठेवतो, कारण ‘लॅबवाले धुऊन तपासतात’ असा एक लाडका समज गावोगाव आहे.

यानंतर औषध लगद्यातून द्रावकात ओढायचं. जगभर यासाठी क्वेचर्स नावाची पद्धत चालते. ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली: दहा ग्रॅम लगदा, दहा मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल, चार ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, एक ग्रॅम मीठ, जोरात हलवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं. मीठ घातलं की पाणी आणि ॲसिटोनायट्राइल वेगळे होतात आणि औषधं वरच्या थरात येतात. आपल्याकडे मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ॲसिटोनायट्राइलऐवजी इथाइल ॲसिटेट वापरणारी पद्धत बसवली, तीही द्राक्षाला उत्तम लागू पडते. वरच्या थरात साखर-आम्लांसारखी घाणही थोडी येते. ती काढायला पीएसए नावाची पावडर घालून पुन्हा हलवतात.

इथे एक गोम आहे. पीएसए आम्लं धरून ठेवतं, हेच त्याचं काम. पण टू-फोर-डी हे तणनाशकदेखील आम्लच आहे, तेही धरलं जातं. शेजारच्या उसातल्या टू-फोर-डीचा वारा द्राक्षावर आला की पानं कशी आखडतात ते बागायतदारांना सांगायला नको. तर पीएसएने साफ केलेल्या अर्कात टू-फोर-डी शोधून ‘आढळलं नाही’ लिहिणं म्हणजे निव्वळ कागद रंगवणं. त्याच्यासाठी अर्काचा भाग पीएसए न लावता वेगळा चालवावा लागतो.

आता मशीन. एलसी म्हणजे बोटभर ते वीतभर लांबीची स्टीलची नळी, आत सी-१८ (तेलकट कार्बनसाखळी) लावलेले सिलिकाचे कण, दोन मायक्रॉनच्या आसपासचे. पाणी आणि मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल त्यातून दाबाने जातं. पाण्याला जवळचे रेणू लवकर बाहेर पडतात, तेलाला जवळचे रेंगाळतात. क्लोरपायरीफॉस या रांगेत अगदी शेवटाकडे असतं. पंधरा मिनिटांचा रन असेल तर तेराव्या-चौदाव्या मिनिटाला त्याचा पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, येतो, आणि प्रमाणित द्रावणाच्या वेळेशी तो ०.१ मिनिटाच्या आत जुळावा लागतो.

नळीतून बाहेर पडलेल्या थेंबाला हजारो व्होल्टचा दाब देऊन त्याची फवारणी होते, थेंब वाळत जातो आणि रेणू विद्युतभारित होऊन हवेत सुटतो. याला इलेक्ट्रोस्प्रे म्हणतात. मोठ्या जैविक रेणूंसाठी हे करून दाखवल्याबद्दल जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. औषधांच्या अवशेषांचं आमचं सगळं दुकान आज त्यावर चालतं. भारित रेणू पहिल्या चाळणीत येतो, म्हणजे पहिल्या क्वाड्रुपोलमध्ये. तिथे फक्त ३५० वजनाचे आयन पुढे सोडायचे असं सांगितलेलं असतं. क्लोरपायरीफॉस अधिक एक प्रोटॉन म्हणजे साधारण ३५०. मधल्या कोठडीत त्यांना वायूवर आपटून फोडतात. शेवटच्या चाळणीत तुकडे मोजतात: १९८ आणि ९७. हा १९८ म्हणजे रेणूचा तीन क्लोरीन असलेला पिरिडिनॉलचा भाग, ९७ हा फॉस्फरस-गंधकाच्या बाजूचा.

ओळख पटते ती इथे. ३५० वजनाचे रेणू द्राक्षात ढिगाने असतील. पण ३५० वजनाचा, फुटल्यावर १९८ आणि ९७ दोन्ही देणारा, त्या दोन तुकड्यांचं प्रमाण प्रमाणित द्रावणातल्या प्रमाणाशी तीस टक्क्यांच्या आत जुळणारा आणि वर त्याच क्षणी नळीतून बाहेर पडणारा दुसरा रेणू मिळणं फार अवघड. युरोपीय संघाच्या सांते मार्गदर्शिकेत हेच निकष आहेत, आणि आपल्याकडे निर्यातीचे नमुने तपासणाऱ्या लॅब तेच पाळतात. एकच तुकडा दिसला आणि दुसरा गोंगाटात बुडाला, तर जबाबदार विश्लेषक आकडा छापत नाही. क्लोरीनवाल्या रेणूंच्या बाबतीत आणखी एक ताळा हाताशी असतो. निसर्गात क्लोरीन ३५ आणि ३७ अशा दोन वजनांत मिळतो, साधारण तीनास एक. त्यामुळे क्लोरपायरीफॉसची सही ३५२ वरही उमटते, आणि तिथून २०० चा तुकडा निघतो. शंका आली की मी आधी तिथे बघतो.

मोजमापाची अडचण वेगळी आहे. स्प्रेच्या टोकाशी औषधाबरोबर द्राक्षातलं बाकीचंही काही बाहेर पडत असतं. ते भार खाऊन टाकतं आणि औषधाचा सिग्नल दबतो. म्हणून शुद्ध मिथेनॉलमधल्या द्रावणाशी तुलना करून काढलेला आकडा कमी येऊ शकतो. उपाय असा की औषधविरहित द्राक्षाचा अर्क घ्यायचा, त्यात ज्ञात मात्रा मिसळायची आणि त्याच्याशी तुलना करायची. द्राक्ष या बाबतीत तसं सरळ फळ आहे. मिरची, हळद, चहा आले की सिग्नल अर्ध्याखाली जाणं नेहमीचंच, तिथे अर्क पातळ करण्यावाचून गत्यंतर नसतं. शिवाय प्रत्येक बॅचमध्ये मुद्दाम औषध घातलेला एक नमुना चालवायचा आणि घातलेल्यापैकी ७० ते १२० टक्के परत मिळतंय का ते बघायचं. हा रिकव्हरीचा आकडा अहवालात छापत नाहीत, पण मागितला तर लॅबने द्यायला हवा. कुरकुर करत असेल तर मी तरी त्या लॅबकडे पुन्हा जाणार नाही.

एवढी काळजी घेऊनही दोन लॅबच्या आकड्यांत तफावत राहतेच. बहुअवशेष चाचणीसाठी युरोपात ५० टक्के अनिश्चितता गृहीत धरतात. तुमचा ०.०१४ म्हणजे ०.००७ ते ०.०२१ मधलं काहीतरी. पहिल्या लॅबच्या पडद्यावर कदाचित ०.००९ आला असेल. त्यांची एलओक्यू, म्हणजे ज्याच्या खाली आकडा छापायचा नाही अशी मर्यादा, ०.०१ आहे. म्हणून त्यांनी बीएलक्यू लिहिलं, आणि नियमाप्रमाणे बरोबर लिहिलं. ०.००९ आणि ०.०१४ हे शेजारी आहेत, पण कागदावर एक ‘नाही’ झाला आणि दुसरा ‘आहे’. बीएलक्यू म्हणजे शून्य असं वाचलं की घोटाळा तिथेच होतो.

क्लोरपायरीफॉसला युरोपात २०२० मध्ये मान्यता संपली आणि फळातल्या अवशेषाची कायदेशीर मर्यादा ०.०१ वर आली, म्हणजे बहुतेक लॅबच्या एलओक्यूवरच. मर्यादा आणि एलओक्यू एकाच रेषेवर आल्या की हा खेळ होणारच. तिथली सरकारी यंत्रणा अनिश्चितता वजा करून मगच माल नापास करते, म्हणजे ०.०२ च्या वर गेल्याशिवाय कारवाई होत नाही. पण यावर विसंबू नका. तिथल्या काही सुपरमार्केट साखळ्यांच्या अटी सरकारी मर्यादेहून कडक असतात, आणि तुमचा माल सरकार विकत घेत नाही.

न फवारता आलं कुठून? शेजाऱ्याच्या फवारणीचा वारा, भाड्याने आणलेल्या ब्लोअरच्या टाकीतला तळ, वाळवीसाठी किंवा पिठ्या ढेकणासाठी खोडापाशी केलेली आळवणी. आणि एक शक्यता जी ऐकायला कोणालाच आवडत नाही: ‘बायो’ म्हणून घेतलेल्या बाटलीत लेबलवर नसलेलं काही. ०.०१४ इतक्या पातळीसाठी यातलं कुठलंही एक पुरतं. बाटलीबद्दल संशय असेल तर बाटलीच तपासायला द्या, ती द्राक्षापेक्षा सोपी असते, कारण तिच्यात औषध पिकोग्रॅममध्ये शोधावं लागत नाही.

आता २०१०. त्या हंगामात युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. बागायतदार त्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ आवरायला, काडीत घड निर्मिती चांगली व्हायला ते पिढ्यानपिढ्या वापरात होतं. युरोपातली मर्यादा होती ०.०५. कंटेनर बंदरात अडकले, माल नाकारला गेला, कर्जं डोक्यावर राहिली. आणि या द्राक्षांना निघण्याआधी इथल्या लॅबचे स्वच्छ अहवाल मिळालेले होते, ग्रेपनेट या निर्यातनोंदणीच्या प्रणालीत नोंदवलेल्या प्लॉटमधून रीतसर घेतलेल्या नमुन्यांवरचे.

मशीन तेव्हाही चांगलीच होती. क्लोरमेक्वाट त्यांना दिसलं नाही कारण ते त्यांच्यापुढे आलंच नाही. एक तर तपासायच्या औषधांच्या यादीत ते नव्हतं. ट्रिपल क्वाड्रुपोल मशीन ज्या वजनांच्या जोड्या सांगाल त्याच बघतं. ३५० ते १९८ बघ सांगितलं तर तेवढंच बघेल, शेजारून हत्ती गेला तरी नोंद होणार नाही. पण समजा यादीत नाव घातलं असतं, तरी नेहमीच्या पद्धतीत ते सुटलंच असतं, आणि हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

क्लोरमेक्वाट हे कायमचं भारित मीठ आहे. त्याच्या नायट्रोजनवर धन भार असतो, तो कशानेही जात नाही. त्यामुळे त्याचं पाण्याशी सख्य. इथाइल ॲसिटेट घातलं की ते खालच्या पाण्यात राहतं. क्वेचर्समध्ये मीठ टाकून थर वेगळे केले तरी ते पाण्यातच. आपण वरचा थर उचलतो आणि औषध नळकांड्यात मागे सोडतो. थोडंफार वर आलंच, तर सी-१८ च्या नळीत ते क्षणभरही थांबत नाही. पहिल्या मिनिटालाच, साखर-आम्लांच्या लोंढ्याबरोबर बाहेर पडतं, म्हणजे सिग्नल दबण्याची सगळ्यात वाईट जागा. क्लोरपायरीफॉस रांगेत शेवटी, क्लोरमेक्वाट रांगेच्याही बाहेर.

त्याला पकडायचं तर पद्धत वेगळी लागते. आम्ल घातलेलं मिथेनॉल आणि पाणी यात अर्क काढायचा, थर वेगळे करायचेच नाहीत. नळी सी-१८ ऐवजी हिलिक प्रकारची, जी पाणीप्रेमी रेणूंना धरते. स्टुटगार्टच्या युरोपीय संदर्भ प्रयोगशाळेने अशा रेणूंसाठी क्युप्पे नावाची पद्धतच लिहून ठेवली आहे. नमुन्यात सुरुवातीलाच ड्युटेरियम (जड हायड्रोजन) लावलेलं क्लोरमेक्वाट मोजून घालतात. वाटेत औषध जेवढं गळेल, दबेल, तेवढंच तेही गळतं, दबतं, आणि हिशेब सरळ राहतो.

मशीनवर हा रेणू देखणा दिसतो. प्रोटॉनची गरज नाही, भार आधीच आहे. वजन १२२. फोडला की ५८ चा तुकडा मिळतो, त्यात क्लोरीन नाही. आणि ६३ चा, त्यात क्लोरीन आहे. क्लोरीनचा जड भाऊ असलेला रेणू १२४ वर सापडतो. तो फोडला तर ५८ तसाच राहतो, आणि ६३ चा मात्र ६५ होतो. ही वजाबाकी पडद्यावर जुळताना बघितली की ओळखीबद्दल शंका उरत नाही. इतका छोटा रेणू, पण त्याची ओळख क्लोरपायरीफॉसइतकीच पक्की पटवता येते, फक्त आधी तो नळीपर्यंत पोचवायला हवा. २०१० नंतर सीसीसी निर्यातीच्या तपासणीत आलं आणि लॅबनी त्याची वेगळी पद्धत बसवली. फवारणी काढणीच्या कित्येक महिने आधीची, तरी फळात अंश, याचं अनेकांना नवल वाटलं होतं. युरोपात नाशपातीच्या झाडांत हे आधीच दिसलेलं होतं: वापर थांबवल्यावरही लाकडात साठलेलं क्लोरमेक्वाट पुढच्या हंगामांच्या फळांत उतरत राहिलं.

अशी आणखी काही नावं मशीनच्या नेहमीच्या एका फेरीत येत नाहीत. ग्लायफोसेट हे तणनाशक आणि फोसेटिल या बुरशीनाशकाचं फॉस्फोनिक आम्ल, दोन्ही पाणीप्रेमी, दोघांना वेगळी वाट. मँकोझेब, प्रोपिनेब यांसारखी डायथायोकार्बामेट गटातली बुरशीनाशकं द्रावकात उतरतच नाहीत. त्यांना स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून कार्बन डायसल्फाइड काढतात आणि तो जीसीवर, म्हणजे वायूच्या प्रवाहात रेणू वेगळे करणाऱ्या मशीनवर, मोजतात. त्यातून मँकोझेब की प्रोपिनेब हे कळत नाही, फक्त बेरीज कळते. डाऊनी या बुरशीरोगाच्या दिवसांत द्राक्षावर सगळ्यात जास्त जे पडतं तेच एलसी-एमएसएमएसच्या लांबलचक यादीत नसतं, हे बागायतदारांना सांगितलं की ते थोडे गांगरतात. क्लोरोथॅलोनिलही इलेक्ट्रोस्प्रेत नीट भार घेत नाही, त्याला जीसीकडे पाठवावं लागतं.

म्हणून ‘पाचशे औषधांची तपासणी’ या जाहिरातीपेक्षा अहवालात मी आधी बघतो ते असं: ज्या औषधांशी तुमच्या बागेचा संबंध आला ती यादीत आहेत का, प्रत्येकाची एलओक्यू किती आणि ती मर्यादेच्या खाली आहे का, सीसीसी आणि डायथायोकार्बामेटची पद्धत वेगळी लिहिली आहे का, आणि ती नावं लॅबच्या एनएबीएल मान्यतेच्या व्याप्तीत आहेत का. लॅबला मान्यता आहे एवढं पुरेसं नाही. मान्यता त्या औषधासाठी, त्या पिकासाठी असते. फवारणीची वही लॅबला दाखवायला लाजू नका. लपवल्याने मशीन फसत नाही, तुमचा फक्त एक हंगाम फसू शकतो. लेबलवर नसलेल्या गोष्टींचा संशय असेल तर क्यू-टॉफ किंवा ऑर्बिट्रॅपवर स्क्रीनिंग मागा. ती मशीन वजन दशांश चिन्हापुढे चार अंकांपर्यंत वाचतात आणि सगळंच नोंदवून ठेवतात, म्हणजे आज न विचारलेलं नाव पुढच्या महिन्यात जुन्याच फाइलमध्ये शोधता येतं. पण अर्कात जे उतरलं नाही ते त्यांनाही दिसत नाही.

तुमच्या ०.०१४ साठी दुसऱ्या लॅबकडून क्लोरपायरीफॉसच्या दोन्ही तुकड्यांचे क्रोमॅटोग्राम, म्हणजे मशीनने काढलेले आलेख, मागून घ्या, आणि पहिलीकडून एलओक्यूखाली प्रत्यक्ष काय दिसलं होतं ते. क्लोरपायरीफॉस जीसी-एमएसएमएसवरही छान दिसतं, तेव्हा लॅबने फ्रीझरमध्ये राखून ठेवलेल्या त्याच नमुन्याची तिथे पडताळणी करायला सांगा. बागेतून नवे घड तोडून पाठवू नका. त्यांचा निकाल काहीही आला तरी जुन्या दोन अहवालांबद्दल त्यातून काही ठरत नाही.